पूजेतली हातोडी

खंडेनवमीची सकाळ. उषा विळीवर नारळ खवत बसली होती. गॅसवर चण्याच्या डाळीची खीर रटरटत होती. पाववाल्या पोदेराने दिलेले उंडे पाव टोपलीत कापडाखाली निवत चालले होते, कारण हत्यारांची पूजा झाल्याशिवाय तिचा नवरा पांडुरंग तोंडात पाणीसुद्धा घालत नसे. तेवढ्यात ठोके पडले.

टक, टक, टक. मग श्वास घ्यावा एवढी उसंत. मग टक.

कोणी दार वाजवलं तर माणूस दाराकडे बघतो. उषाने बघितलं ते बाहेरच्या खोलीतल्या पाटाकडे. पाटावर नवऱ्याची सगळी हत्यारं धुऊनपुसून मांडलेली होती. कानशी लहानापासून मोठीपर्यंत, पाने, छिन्न्या, व्हर्निअर आणि लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर. सगळ्यांना कुंकवाचं बोट, रोजांची म्हणजे झेंडूची फुलं. मधोमध ते वीतभर उंचीचं इंजिन. पांडुरंग समोर बसून त्यावर अक्षता टाकत होता. त्याचा हात तसाच वर राहिला. तोही इंजिनाकडेच बघत होता.

इंजिनाला हवेची नळी जोडलेली नव्हती. त्याचं चाक स्थिर होतं.

"दार वाजलं असेल," उषा म्हणाली. आपला आवाज आपल्यालाच परका वाटतोय हे तिला कळलं.

पांडुरंगाने वर राहिलेला हात खाली घेतला.

हा ठोका गेले नऊ दिवस घरात होता. घटस्थापनेच्या दिवशी पांडुरंगाने ते इंजिन पहिल्यांदा चालू केलं. खनिज वाहणाऱ्या बार्जच्या इंजिनाची छोटी नक्कल, दोन वर्षं खपून केलेली. पिस्टन, दांडा, चाक, एकेक स्क्रू त्याने गोठ्यातल्या लेथवर स्वतः कातलेला. जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरची हवा सोडली तसं ते गुरगुरलं, फिरलं, आणि मग आतून ठोका येऊ लागला. तीन, उसंत, एक. त्याने सगळं सुटं केलं, बेअरिंग घासलं, परत जोडलं. पुन्हा तेच. चार वेळा उघडलं, चार वेळा जोडलं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून तो तासन्‌तास बसे. फिटर लोक असंच यंत्राचं पोट तपासतात.

"काय म्हणतो पेशंट?" उषाने तिसऱ्या दिवशी चेष्टा केली होती. "आयसीयूत हलवायचा तर सांगा."

तो हसला नाही. सहाव्या दिवसापासून तो अर्ध्या भाकरीवर उठू लागला. गळ्याजवळची हाडं वर आली. उषाला इंजिनाची फिकीर नव्हती, पण त्या ठोक्यापायी चाळीस वर्षांच्या संसारातला माणूस तिच्या डोळ्यांदेखत झिजत होता, आणि विचारलं तर "कायनाय" याच्या पलीकडे शब्द येत नव्हता.

तसा तो मुळातच कमी बोलणारा. एकोणिसाव्या वर्षी आमोण्याला नदीकाठच्या बार्ज दुरुस्तीच्या यार्डात फिटर म्हणून लागला आणि खाणी थंडावल्या तेव्हा छत्तीस वर्षांची नोकरी करून घरी आला. येताना फोंड्याच्या एका बंद पडलेल्या वर्कशॉपातली लेथ टेम्पोत घालून आणली आणि गोठा झाडून तिथे बसवली. गाय केव्हाच गेलेली होती. त्याचा एक गुण गावातल्या अख्ख्या वाड्याला ठाऊक होता: या माणसाने जन्मात कोणाकडे काही मागितलं नाही. शेजाऱ्याची शिडी मागायची वेळ आली, तर हा दोन दिवस खपून शिडीच करील. लग्नात उषाच्या बापाने "काय हवं?" म्हणून विचारलं, तेव्हा याने पिण्याचं पाणीसुद्धा मागितलं नव्हतं, स्वतः उठून घेतलं होतं. वाड्यावरच्या बायका उषाला अजून चिडवत, "तुला तरी मागितली होती का गो त्याने, का तुलाही घरीच बनवली?"

उषाने हात पुसले आणि दार उघडलं.

पायरीवर गंगा उभी होती. बाबलीची बायको. बाबली म्हणजे यार्डातला वेल्डर, पांडुरंगाचा जोडीदार, एकोणीस वर्षांपूर्वी बार्जच्या टाकीत गुदमरून गेलेला. तेव्हापासून गंगा साखळी गावात भावाजवळ राहायची आणि या घरात तिने पाऊल ठेवलं नव्हतं. हातात मेणकापडाची गुंडाळी. एक चप्पल पायात होती, दुसरी ती वाकून काढत होती.

"ये गो, गंगा! किती वर्षांनी! आणि दार असं काय वाजवलंस, आम्ही घाबरलो ना."

गंगा वाकल्या वाकल्या थांबली. "मी खंय वाजवलं? माझा हात अजून दाराला लागलाच नाही."

उषाने वळून पाटाकडे पाहिलं.

"मला वाटलं," गंगा हळू म्हणाली, "तुमच्या घरातून कोणी वाजवतंय. पायरीवरच पाय थांबले माझे. आमचे हे कामावरून आले की असंच दार वाजवायचे. तीन आणि एक. टाकीतली सवय. एकोणीस वर्षं नव्हतं आयकलं."

आत पांडुरंग उठून उभा राहिला होता. "या वहिनी," एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

गंगाने मेणकापड सोडलं. आत एक हातोडी होती, गोल डोक्याची. दांडा हाताच्या घामाने काळा झालेला. "माझा मुलगा साईश फोंड्याला फ्लॅट घेतोय," ती म्हणाली. "म्हणतो, आये, असलं लोखंड नेऊन काय करायचं, भंगारवाल्याला देऊया. सगळं दिलं. ही देववली नाही. ही टाकीत त्यांच्या हातात सापडली होती. म्हटलं, भाऊ, तुमच्या पाटावर ठेवावी. निदान वर्षाचं फूल तरी पडेल तिच्यावर."

तिने स्वतःच पुढे होऊन हातोडी पाटावर ठेवली, कुंकू लावलं, एक फूल वाहिलं. पांडुरंग एक पाऊल मागे सरला. उषाने ते पाहिलं. लेथवर फिरत्या लोखंडाजवळ बोट नेणारा माणूस एका निपचित हातोडीला भ्याला होता.

"आता पुरे," उषा म्हणाली. "नऊ दिवस मी गप्प आहे. काय आहे ते आज सांगा. तिच्यासमोर सांगा."

पांडुरंग खाली बसला. त्याने इंजिनाच्या बुडाशी असलेल्या लोखंडी पट्टीवरून बोट फिरवलं.

"ही पट्टी," तो म्हणाला, "त्याच बार्जच्या पत्र्याची आहे, वहिनी. बार्ज तोडली तेव्हा मी तुकडा कापून आणला. बाबली ज्या टाकीत होता तिचा. मी बाहेरून ज्या जागी वाजवत होतो, बरोबर तिथला."

उषाला हे नवीन होतं. दोन वर्षं ती त्या पट्टीवरची धूळ पुसत होती.

मग तो बोलत गेला, थांबत थांबत. तो दिवसही खंडेनवमीचाच होता. सगळ्यांची हत्यारं पूजेला लागलेली, त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. पण बार्जच्या टाकीत गळती निघाली आणि संध्याकाळच्या भरतीला बार्ज सोडायची होती. वरून हुकूम आला. बाबली हसला, म्हणाला, "देव काय हातोड्या मोजत बसलाय?" आणि पाटावरची आपली हातोडी उचलून, आधी गळती बघून घेतो म्हणत, टाकीत उतरला. बाहेर राखणीला पांडुरंग. यार्डाचा नियम साधा होता. बंद टाकीत हवा केव्हा दगा देईल सांगता येत नाही. म्हणून बाहेरच्याने पाच-पाच मिनिटांनी पत्र्यावर तीन आणि एक वाजवायचं, आतल्याने तसंच उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही तर बोंब मारायची.

"हे तर तुम्ही तेव्हाही सांगितलंत," गंगा म्हणाली. "तुम्ही वाजवत होता, ते साडेदहापर्यंत उत्तर देत होते."

"उत्तर येत होतं. दर वेळी. तीन आणि एक. म्हणून मी निवांत बसलो." पांडुरंगाने मान वर केली नाही. "आणि डॉक्टर म्हणाला, माणूस नऊलाच गेला. उतरल्यावर पंधरा मिनिटांत."

हेही वाड्याला माहीत होतं. पांडुरंगाला भास झाला असेल, काठाला बांधलेल्या बार्जची साखळी आपटत असेल, असं तेव्हा लोकांनी ठरवून टाकलं होतं.

"एक गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. हिलासुद्धा नाही. माझा पाना पाटावर होता, वहिनी, पूजेत. कुंकू लावलेला. मला तो उचलवला नाही. मी बोटांनी वाजवलं."

गंगाला समजायला थोडा वेळ लागला. मग तिने त्याच्या उजव्या हाताकडे पाहिलं.

"बोटांनी?"

"बोटांच्या पेरांनी. एवढा जाड पत्रा. आत मुंगीलासुद्धा आयकू गेलं नसतं. त्याला जे आयकूच गेलं नाही त्याचं उत्तर तो कसं देईल? हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. फिटर आहे मी. पाना उचलून एक सणसणीत ठोका घातला असता, तर खरं काय ते नऊ वाजताच कळलं असतं."

खीर खाली लागल्याचा वास आला. उषा उठली नाही.

गंगा हातोडीकडे बघत होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिली. शेवटी म्हणाली, "लोखंडाला बोटांचं काय कळणार, भाऊ." त्यात राग होता की कीव, उषाला ओळखता आलं नाही. "पण मग उत्तर कोण देत होतं?"

जनेलातून ऊन सरळ पाटावर येत होतं. बाहेर कोणाच्या तरी रेडिओवर आरती चालली होती. इतकी लख्ख, भरली सकाळ.

टक. टक. टक.

या वेळी तिघांनीही एकाच ठिकाणी पाहिलं. इंजिनाचं चाक हललं नव्हतं. पिस्टन जागच्या जागी होता. पण खालच्या पट्टीवर पांडुरंगाने वाहिलेल्या अक्षता दाणा-दाणा उडाल्या, जसं पत्र्याच्या पलीकडून कोणी मारावं.

उसंत.

टक.

एक दाणा घरंगळत पाटाखाली गेला. गंगाने उषाचं मनगट धरलं होतं. केव्हा धरलं ते दोघींनाही कळलं नव्हतं. तिची नजर पट्टीवरून ढळत नव्हती. दूर गेलेली बस ओळखीच्या वळणावर परत दिसावी, तशी ती बघत होती.

"बाबली थांबलाय," पांडुरंग पुटपुटला. "तो उत्तर देत नव्हता, हाक मारत होता. इतकी वर्षं माझ्या ठोक्याची वाट बघत होता."

त्याने हात पुढे केला, आणि हातोडीच्या दांड्याला बोट लागणार तोच मागे घेतला. आपल्याच पाटावरचं हत्यार, पण आज ते त्याचं नव्हतं. कुंकू गंगाने लावलं होतं, फूल तिने वाहिलं होतं. तो गुडघ्यांवर तिच्याकडे वळला. चाळीस वर्षांत उषाने त्याचा असा चेहरा पाहिला नव्हता. कोणाकडे काहीतरी मागणाऱ्या माणसाचा चेहरा.

"वहिनी," तो म्हणाला, "एवढी हातोडी मला पूजेतून उचलू द्या. एकदाच."