काच नसलेली चौकट

हे वाचून अंधश्रद्धेविरुद्ध नाटकं करणाऱ्या आमच्या ग्रुपमधले काही जण माझ्याशी बोलणं सोडतील, हे धरूनच लिहितोय. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतला नव्हे… उलट त्यांच्याविरुद्ध पत्रकं वाटणाऱ्यांतला. आमच्या घरी खेळणी कमी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त. मी वाचायला शिकलो तेच त्यांच्यावर. तरीही जे घडलं ते घडलं.

विदर्भात शेतकरी आत्महत्या वाढल्या आणि सरकारने मदतीचं पॅकेज जाहीर केलं, ती वर्षं होती. ‘कापूस फसला की महाराजांचं पीक जोरात येतं’ — हे माझं वाक्य, आमच्या नाटकातलं. त्या नाटकात एक महाराज एका बाईला तिचा मेलेला नवरा ‘दाखवतो’ आणि शेवटी आम्ही ती युक्ती उघडी करतो. युक्ती अगदी सोपी. दाराच्या लाकडी चौकटीत मोठी साधी काच तिरकी बसवायची. बाजूला काळ्या कापडाच्या खोप्यात पांढऱ्या धोतर-सदऱ्यातला प्रमोद. खोप्यातला दिवा लावला की काचेत त्याचं प्रतिबिंब पडतं आणि अंधारात माणूस हवेत उभा दिसतो. प्रयोग संपला की मी लोकांना वर बोलवायचो — या, काचेला हात लावून बघा!

काच बसवायचे सलीमभाई. मूळचे चांदूर बाजारचे, अमरावतीत फोटोंच्या फ्रेमा करायचे. आमच्यासोबत प्रत्येक प्रयोगाला यायचे.

त्या दिवशी प्रयोग मूर्तिजापूरच्या आतल्या एका गावात होता. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या शाळेतल्या बाईंनी आम्हाला बोलावलं होतं ते एका मुलीसाठी. सातवीतली वैशाली फिट येऊन पडायची. तिथल्या एका महाराजाने सांगितलं होतं, मेलेला बाप अंगात येतो. मग तिची आई, कमलमावशी, तिला दर अमावास्येला मिरच्यांच्या धुरात बसवायची. “त्या माउलीला एकदा तुमची काच दाखवा,” बाई म्हणाल्या, “नाहीतर पोर हातची जाईल.”

आणि ती काच मीच फोडली. टेम्पोत बसायला जागा व्हावी म्हणून चौकटीसकट आडवी ठेवली, वर गादी टाकली. मूर्तिजापूर सोडलं, एका खड्ड्यात टेम्पो आदळला… संपलं.

“काचेले झोपवते का कोनी?” सलीमभाई कडाडले. “उभी न्या लागते! येवढे कागद वाचतं तू, हे कुठीच लिवलं नव्हतं का बे?”

आमचे नट अनवाणी असायचे, म्हणून सलीमभाईंनी चौकटीतला तुकडा न् तुकडा पकडीने काढला, खाचेतून ओलं फडकं फिरवलं. चौकट पूर्ण रिकामी होती. हे मी शपथेवर सांगतो. आता भूत दाखवायचं नाही, काचेची युक्ती मी तोंडी समजावून सांगायची, असं ठरलं.

दुपारचे तीन. शाळेच्या खोलीत खिडक्यांना बारदान लावलेलं. लोडशेडिंग होतं, रंगमंचावर बॅटरीवरचा एक मिणमिणता बल्ब. खोप्यातल्या दिव्याला आम्ही वायरसुद्धा जोडली नव्हती. प्रमोद विंगेत माझ्या शेजारी उभा होता.

महाराज झालेला नट चौकटीकडे बोट दाखवून ओरडला, “आला पाय, तुहा धनी आला!”

आणि तो आला.

चौकटीत, हवेत… फिकट, पांढरे कपडे, पुसट चेहरा. आमच्या प्रत्येक प्रयोगात दिसायचा तसाच. प्रमोदने माझं मनगट करकचून धरलं. “मी तर इथंच आहो ना बे?” तो कुजबुजला. पलीकडच्या विंगेत सलीमभाई डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसत होते. दहाएक सेकंद असतील. मग चौकट पुन्हा रिकामी.

नाटक कसं पुरं झालं, आठवत नाही. सवयीने मी बोलून गेलो, “या, हात लावून बघा…” आणि जीभ चावली. सगळ्यांत आधी उठली कमलमावशी. तिने चौकटीत हात घातला. हात कोपरापर्यंत आरपार गेला.

“काच कुठी हाय, भाऊ?”

“आत्ताच काढली म्हन,” प्रमोद मागून पुटपुटला, “म्हन ना!”

सोपं होतं हो. एक वाक्य, आणि पोरगी वाचली असती. पण खोटं सांगून भलं करायचं, हाच तर त्या महाराजाचा धंदा!

“मावशी,” मी म्हणालो, “काच सकाळीच फुटली. आत्ता जे दिसलं, ते कसं दिसलं मला माहीत नाही. पण वैशालीला येतात त्या फिट्स आहेत. त्याला औषध आहे, अकोल्यात मिळतं. एवढं मात्र नक्की माहीत आहे.”

तिचा थोरला दीर मागून हसला. “घ्या! म्हने महाराज ढोंगी! ह्यायच्याच खेळात भूत निंगालं ना बाप्पा!”

सगळी खोली खदखदली. गेली पोरगी, असंच वाटलं.

कमलमावशी हसली नाही. चौकटीतून हात काढून तिने पदराला पुसला. “भाऊजी,” ती वळून म्हणाली, “तुमच्या महाराजाले मी वर्षभर इचारून राहिली. एक डाव तरी ‘मले मालूम नाही’ म्हनला का तो? हे पोट्टं म्हनलं, इतक्या लोकायसमोर.” मग माझ्याकडे बघून, “कोनत्या गाडीनं जा लागते अकोल्याले?”

दुसऱ्या दिवशी मी त्या दोघींना सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. एसटीत तिने एकदाच विचारलं, “डॉक्टरले तरी सारं समजते का?”

“सगळं नाही, मावशी.”

“मंग बरं हाय,” ती म्हणाली.

त्या दहा सेकंदांवर मी अनेकदा विचार केला. बारदानाच्या भोकातून आलेला उजेड? मग धोतर कुठलं? सवयीने झालेला भास? मग खोलीभर लोकांनी काय पाहिलं? त्यांना तर आमची युक्ती ठाऊकही नव्हती. सलीमभाईंना विचारलं की ते एवढंच म्हणायचे, “काच नव्हती. मीच काढली होती.”

वैशालीच्या फिट्स हळूहळू कमी झाल्या, ती पुन्हा शाळेत जायला लागली. त्याचं कारण मी कुणालाही सांगू शकतो. त्या चौकटीतल्या माणसाचं मात्र कमलमावशीला सांगितलं तेच आजही सांगतो… मला माहीत नाही.