लोटननानाची अर्धी मिशी

कापडणे गावच्या लोटननानाला कुठलंही दुःख सांगा, त्याच्याकडे त्याहून थोरलं तयार असायचं. तुमचा दात दुखला, तर त्याची अख्खी दाढ किडलेली. शेजारच्या झुलालची आई गेली तेव्हा नाना सांत्वनाला गेला आणि आपल्या मेलेल्या म्हशीवर तासभर बोलून आला. शेवटी झुलालच त्याचे डोळे पुसत होता म्हणे.

पण गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, हे अंगाशी आलं. मेहुणा वना आपल्या बहिणीला, नानाच्या बायकोला, माहेरी न्यायला आला होता. आपल्या आजारपणाचं सांगू लागला, तर नानाने स्वतःच्या एकवीस दिवसांच्या तापाचा विषय काढला. वना चिडून रिकामी गाडी घेऊन गेला. मंजुळाबाईचं माहेर, झोके, गौराईची गाणी, सगळं बुडालं.

"यंदा भाऊ रिकामा परतना, तं चूल तुमनी तुम्हीच पेटवा," तिने बजावून ठेवलं होतं.

यंदा म्हणजे १९२८. वना ओसरीवर आला तेव्हा नाना हिलाल न्हाव्यापुढे बसलेला, तोंडभर साबण. वनाचं तोंड उतरलेलं मंजुळाबाईने पाहिलं. ती हिलालच्या कानाशी वाकली, "मना भाऊ बोलस तवलोंग वस्तरा मिशीवरून उचलू नको."

हिलालने मिशीची कड कोरायला घेतली.

वना सांगू लागला. धुळ्याच्या एका जिनात, कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, अकरा वर्षं इंजिन त्याच्या हाती. नव्या गोऱ्या इंजिनेरला कुठला आवाज कशाचा, हेही त्यानेच शिकवलेलं. परवा त्या साहेबाचे गोरे पाहुणे आले. वनाने सवयीने इंजिनाचा पितळी दांडा ओढला. साहेब म्हणाला, काळा हात लागला, आता दांडा साबणाने पूस. सगळ्या कामगारांदेखत.

नानाला राहवेना. "माले बी मनी मावशी काळा..."

खर्रकन डावी मिशी मांडीवर पडली.

"हालू नका नाना. आजून उजवी शे," हिलाल म्हणाला.

नानाने मावशी तिथंच सोडली. जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याचं बोलणं शेवटापर्यंत त्याच्या कानात गेलं. ओठ न हलवता तो म्हणाला, "मंग?"

"मंग काय? मुकाट पुसी टाका मी."

"वनाभो, अकरा वरीसमा त्या दांडानी तुले कधी दगा दिधा का?"

"नही," वना म्हणाला. "एकदाबी नही."

नानाच्या ओठांवर आणखी तीन मावश्या आल्या होत्या. त्या त्याने साबणासकट गिळल्या. वना उपरण्याने डोळे पुसून उठला. "अक्का, गाठोडं बांध."

गाठोडं सकाळपासून बांधलेलंच होतं.

गाडी गेली आणि मागे एका मिशीचा नाना उरला. दुसरीही उतरवावी लागली. आता मिशी उतरवलेली दिसली, की बाप गेला असं गाव धरतं. संध्याकाळपर्यंत ओसरी भरली. नानाचा बाप कोपऱ्यात चिलीम ओढत होता. लोक त्यालाच विचारत, "आबा, कोन गयं?"

झुलाल मुद्दाम सगळ्यांत पुढे बसला आणि आपल्या मेलेल्या शेळीवर तासभर बोलला. नानाचा हात दोनदा मिशीकडे गेला. मिशी नव्हती.

"मंग?" तो म्हणाला. "नाव काय व्हतं तिनं?"