कोबी बंगल्याचे आठ खांब

दौंडात स्टेशनापासून दहा मिनिटांवर आठ गोल खांबांचा पांढरा बंगला आहे. रेल्वेच्या एका ठेकेदाराला मुंबईतल्या साहेबी इमारतींचा भारी नाद. त्यानं गवंड्यापुढं चित्र टाकलं आणि म्हणाला, अस्सेच खांब पाहिजेत. चित्रात खांबांच्या माथ्यावर परदेशी पानांची नक्षी होती. गवंडी वरवंडचा, मळ्यातला माणूस. त्याला जी पानं ठाऊक होती, तीच त्यानं चुन्यात कोरली. तेव्हापासून सारं गाव त्याला कोबी बंगला म्हणतं. ठेकेदार म्हणे दोन दिवस जेवला नाही. पण करतो काय? कोबी वर चढला तो चढलाच.

या बंगल्याचा राखणदार भैरू, मूळचा कासुर्डीकडचा मेंढपाळ. एक्क्याण्णव साली मालक पुण्याला राहायला निघाले, तेव्हा म्हणाले, "तू मागच्या खोलीत राहा, आवारात मेंढरं बसव, झाडांना खत होईल." भैरूनं बसवली. पण पावसात मुकी जनावरं भिजत ठेवायची कशी? त्यानं ती सरळ व्हरांड्यात घेतली. आता मेंढरू म्हटल्यावर ते अंग घासणारच. सात पावसाळे साठ मेंढरांनी त्या साहेबी खांबांवर अंग घासलं आणि खांब मांडीपर्यंत काळेकुट्ट, तुळतुळीत झाले.

पोरांच्या शाळेपायी अठ्ठ्याण्णवला भैरूनं कळप विकला. मेंढरं गेली, डाग राहिले. चुना मारावा तर तेलकटावर टिकतोय कुठं? दोन दिवसांत पापुद्रे. शेवटी त्यानं प्रत्येक खांबापुढं कर्दळीच्या कुंड्या मांडल्या. मालकांच्या माघारी त्यांची सून प्रतिभाताई वर्षातून एकदा यायच्या आणि म्हणायच्या, "भैरूमामा, काय फुलवलंय हो!" भैरू मान खाली घालायचा.

दोन हजार तीनला ताईंचा निरोप आला, इंजिनिअरला घेऊन येते. खांब कुजले असतील तर बंगला पाडून जागा बिल्डरला द्यायची, नाहीतर दुरुस्ती करायची. भैरू रात्रभर हिशेब करत राहिला. बंगला गेला की खोली गेली, बारा वर्षांचं बस्तान गेलं, आणि तेही आपल्याच मेंढरांपायी.

"खरं सांगून टाका," बायको कुशाबाई म्हणाली. "कर्दळीमागं किती दिस लपणार हाय?"

"तू गप. त्या इंजिनिअरला काय कळतंय?"

पण ताईंबरोबर आलेल्या इंजिनिअरला कळत होतं. त्यानं शिडी लावून खांब वर ठोकून पाहिला. भद्द आवाज आला आणि गिलाव्याचा पोपडा खाली पडला. आठही खांबांची तीच गत. ताईंचा चेहरा उतरला. मग इंजिनिअरनं कुंड्या सरकवल्या आणि खाली ठोकलं. टण्ण. पुन्हा ठोकलं, पुन्हा टण्ण.

"पावसाचा मार खालीच जास्त. कुजायला पाहिजे खाली," इंजिनिअर डाग चोळत म्हणाला. "इथं कुठलं केमिकल मारलंय?"

भैरूला वाटलं, म्हणावं, मीच तेल लावतो दर वर्षी. शाबासकी तरी मिळेल. पण मेंढरांच्या कामावर आपलं नाव घालणं त्याच्या जिवावर आलं.

"केमिकल न्हाई, सायेब. माजी मेंढरं हायती ती. पावसात हितं घ्यायचो, ती अंग घासायची. चूक झाली, ताई. कुंड्या त्यापायीच मांडल्या व्हत्या."

मग इंजिनिअर पोट धरून हसत सुटला. लोकरीचं तेल मुरलंय, म्हणाला, खाली पाण्याचा थेंब शिरलेला नाही. वरचा गिलावा नवा करा, पाडायचं नाव काढू नका.

"मग मामा, वरच्या अंगाला परत मेंढरं आणायची का?" ताईंनी विचारलं.

"वर पोचायला उंट लागत्याल, ताई."

महिनाभर काम चाललं. चुना कुठवर मारायचा, असं रंगाऱ्यानं विचारलं, तेव्हा ताई म्हणाल्या, "मांडीच्या वरच मारा. खालचं मेंढरांचं आहे, त्याला हात लावू नका." भैरूनं तोंड फिरवून डोळे पुसले.

रंगारी गेल्यावर तो एकेक कुंडी उचलून कुंपणाकडं नेऊ लागला.

"अवो, आता कशाला हालवताय?" कुशाबाई म्हणाली.

"दिसू दे की," भैरू म्हणाला. "साठच्या साठ हायती तितं."