तिच्या कुर्त्यावर मीठ नव्हतं

परभणीच्या हॉस्टेलवर आम्ही दोघी एका खोलीत राहत होतो. मी बोरीची, ती ताडकळसजवळच्या एका वस्तीवरची. दिवाळी झाली की ती घरच्यांसोबत ऊसतोडीला जायची आणि होळीच्या सुमारास परतायची. मधला अभ्यास माझ्या वह्यांवरून उतरवून घ्यायची. कॉलेजची पळण्याची शर्यत जानेवारीत, ती उसाच्या फडात असतानाच व्हायची, त्यामुळे दोन वर्षं पहिला नंबर माझाच. त्या वर्षी मात्र विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद झाले, एसट्या थांबल्या, कॉलेजला कुलूप लागलं आणि शर्यत ढकलत ढकलत एप्रिलात गेली. तोवर ती आली होती.

सरावाला दोघी बरोबर जायचो. पहिल्याच दिवशी ती माझ्या पुढे गेली. खोलीवर येऊन कुर्ते दोरीवर टाकले. तिचा माझ्यापेक्षा जास्त भिजलेला होता, पण वाळल्यावर स्वच्छ. माझ्या निळ्या कुर्त्याच्या पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघाच रेघा. जीव तोडून पळते ती मी, हिला कष्टच पडत नाहीत, अशी मी माझी समजूत घातली. ही समजूत दोन दिवस टिकली.

मग प्राणिशास्त्राच्या मॅडमना गाठलं. त्या म्हणाल्या, "अगं, ग्रंथीच्या तळाशी घाम जवळपास रक्ताइतकाच खारट असतो. नळीतून वर कातडीपर्यंत येताना शरीर त्यातलं मीठ परत ओढून घेतं. घाम फार वेगाने वाहिला तर नळीला तेवढी सवड मिळत नाही, मीठ बाहेर पडतं. पण रोज उन्हात राबणाऱ्याची नळी मीठ धरून ठेवायला शिकते. घाम जास्त येतो, पण कमी खारट."

म्हणजे हे तिला फडानं दिलं होतं. आमच्याही रानात ऊस होता, पण तो तोडायला माणसं यायची. तिच्या अंगाला जे येत होतं, ते माझ्या अंगाला येत नव्हतं. वर्गात ती शेजारी बसली की माझं लक्ष तिच्या मानेवरच्या घामाकडे जायचं आणि फळ्यावरचं उतरवून घ्यायचं राहून जायचं.

मी दुपारी एकटीच पळायला लागले. आठव्या दिवशी तिनं मला मैदानावर पाहिलं.

"एवढ्या उन्हात कशाला पळायलीस? येडी झालीस का?"

"तुझ्यासारखा घाम यावा म्हणून," मी चिडून बोलून गेले. मॅडमनी सांगितलेलं सगळं तिला ऐकवलं.

ती हसली नाही. "लय सोपंय मग. कोयता घे अन् चल आमच्यासंगं."

शर्यतीच्या दिवसापर्यंत माझ्या रेघा पुसट झाल्या होत्या. तरी ती पहिली आली, मी दुसरी. टाळ्या वाजवायला माझे हात उठले नाहीत.

चार दिवसांनी ऑफिसातून दोघींची सर्टिफिकेटं माझ्याकडे दिली. तिचं मी माझ्या ट्रंकेत, तळाच्या वर्तमानपत्राखाली सरकवलं. "आलं का गं?" तिनं दोनदा विचारलं. "नाही अजून," मी म्हणाले.

शनिवारी ती गावी गेली आणि सोमवारी रात्री परतली. सकाळी म्हणाली, "बाबा म्हणले, पहिली आलीस तर कागद कुठंय? न्हाई म्हणल्यावर म्हणले, खोटं बोलायलीस. पुढच्या साली शिकणं बंद."

मी ट्रंक उघडली आणि कागद तिच्या हातात दिला.

"तूच ठिवलतंस?"

"हो."

तिनं तो पुस्तकात नीट घातला आणि दुपारच्या एसटीनं पुन्हा गाव गाठलं. दुसऱ्या दिवशी परतली. बाबा पुढच्या सालासाठी हो म्हणाले होते, हे तिनं मला नाही, शेजारच्या खोलीतल्या मुलींना सांगितलं. मग आपली गादी गुंडाळली आणि लोखंडी कॉट त्यांच्या खोलीत न्यायला दाराकडे ओढायला लागली.

कॉट जड होती. मी उठून दुसरी बाजू धरली. तिनं धरू दिली.