वेंडेल ब्रुकरचा नियम

वेंडेल ब्रुकर मला कधीच आवडला नाही. हल्ली लोक त्याच्याबद्दल बरं बोलतात, म्हणून मी डोळ्यांनी पाहिलं ते सांगतो.

अमेरिकेतल्या शबॉयगन गावच्या ओतकाम कारखान्यात तो तपासनीस होता. नळाच्या तोट्या आणि झडपा त्याच्या टेबलावरून पुढे जायच्या. केसभर माप चुकलं की माल भंगारात, मग तो ओतणारा माणूस समोर उभा राहून हात जोडो की शिव्या घालो. लग्न केलं नाही. बहिरी आई आणि तो. रविवारी चर्च सुटलं की हॉबीच्या दुकानाच्या माडीवर तो आमचा खेळ चालवायचा.

खेळ सगळा बोलण्याचा. वेंडेल सांगायचा, समोर पडका मठ आहे, दार अर्धवट उघडं आहे. आपलं पात्र काय करतंय ते आम्ही बोलायचो, आणि जिथे शंका असेल तिथे फासे निकाल द्यायचे. प्रत्येक पात्राची कुंडली एका कागदावर. पात्र मेलं की वेंडेल तो कागद सगळ्यांसमोर उभा फाडायचा. स्वतःचे फासे तो पुठ्ठ्याच्या आडोशामागे टाकायचा. भिंतीवर त्याच्या कोरीव अक्षरात एकच नियम होता : टेबलावर बोललात म्हणजे केलंत.

आर्डिस होल्ट्झ शाळेची बस चालवायची. साठ पोरं गप्प बसवणारा आवाज तिचा. तिचं पात्र टोर्व्हा, कबरी खणणारी बाई, पुढे लढवय्यी झालेली. चार वर्षं आर्डिसनं तिला वाढवलं होतं. आमच्यातल्या कुणाचंच पात्र इतकं टिकलं नव्हतं, आणि ते वेंडेलला खुपायचं असं मला वाटतं. हे माझं मत.

एक्याऐंशीचा नोव्हेंबर. आम्ही मठाच्या कोरड्या विहिरीच्या तोंडाशी पोचलो होतो. आत कुजकी शिडी, तळाशी कुणीतरी कण्हतंय. काय करावं यावर नॉर्बर्टची आणि माझी हुज्जत चालली होती. आर्डिस कंटाळून उठली, रिकामा कप उचलला आणि म्हणाली, "मी खाली जाते."

कॉफीचं भांडं खाली दुकानात असायचं. ती जिन्यापर्यंत पोचली नसेल, आडोशामागे फासे खुळखुळले.

"शिडी तुटली," वेंडेल म्हणाला. "ऐंशी फूट. टोर्व्हा मेली."

आणि त्यानं तिचा कागद फाडला.

आर्डिस जिन्याजवळून परत आली. आधी तिला ती थट्टाच वाटली. नॉर्बर्ट दूधडेअरीत कामाला, भांडणाला भिणारा माणूस, पण तोही म्हणाला की तिच्या हातात कप होता, आंधळ्यालाही कळलं असतं. वेंडेलनं भिंतीकडे बोट दाखवलं.

मी काय केलं तेही सांगतो. टोर्व्हाची ढाल नामी होती. पडताना ती वरच्या एका कपारीत अडकली होती; माझ्या पात्रानं दोर सोडून ती वर ओढून घेतली. वेंडेलनं ते टिपून घेतलं. आर्डिसनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी माझ्या कागदाकडे.

पुढच्या रविवारी वेंडेलनं तोडगा काढला. मठात एक म्हातारी जोगीण आहे, ती मेलेल्याला उठवते, असं त्यानं जाहीर केलं. आर्डिस म्हणाली, "भीक नको मला. चूक तुझी, आणि उपकार माझ्यावर?" चूक हा शब्द ऐकून तो लाल झाला. नियम म्हणजे नियम, म्हणाला.

मग आर्डिसनं सूड सुरू केला. दर रविवारी ती यायची, आपल्या खुर्चीत बसायची आणि खेळायची नाही. नुसती ऐकायची. नाताळ उलटल्यावर एकदा नॉर्बर्ट बाहेरून आला, मिशांवर बर्फ, हात चोळत शेगडीपाशी थांबला. टेबलाशी बसता बसता म्हणाला, "थंडीनं मेलो रे बाबांनो."

"नॉर्बर्ट मेला," आर्डिस म्हणाली. "वेंडेल, फाड कागद."

मी हसलो. वेंडेल हसला नाही. त्यानं खरोखर नॉर्बर्टचा कागद ओढून घेतला, दोन्ही हातांत धरला आणि तसाच बसून राहिला. शेवटी म्हणाला की नॉर्बर्टला तसं म्हणायचं नव्हतं.

"आणि मला काय म्हणायचं होतं?"

त्यानं फासे पिशवीत भरले, डबा उचलला आणि दुपारी दोनलाच घरी गेला. तो गेल्यावर आम्ही त्याला मनसोक्त शिव्या दिल्या. आर्डिसनं मात्र दिल्या नाहीत.

पुढच्या रविवारी तो आला तेव्हा टोर्व्हाचा कागद चिकटपट्टी लावून जोडलेला होता. म्हणजे त्यानं तुकडे फेकले नव्हते. विहिरीच्या तोंडापासून पुन्हा खेळू, एवढंच म्हणाला. माफी नाही, काही नाही. माझ्या पात्राची ढाल त्यानं न विचारता खोडून टाकली.

आर्डिसच्या अटी होत्या. पुठ्ठा काढायचा. फासे उघड्यावर, आणि तिचे फासे ती टाकणार. पाऊल टाकण्याआधी टोर्व्हाला डोळ्यांनी जे दिसेल ते तिला सांगायचं. वेंडेलनं दात आवळून पुठ्ठा मिटवला आणि सांगितलं, शिडी कुजली आहे, दोर पुरत नाही, शेवटचे वीस फूट उतरायचे तर कपारीला धरून. "अकरा किंवा वर पडले तर उतरलीस. नाहीतर कपार सुटली, आणि मग जगणं अवघड."

जाऊ नकोस, असं आम्ही दोघंही म्हणालो. तळाशी कण्हणारा कोण, ते अजून ठाऊक नव्हतं. आर्डिसनं थोडा विचार केला.

"कबरी खणणारी बाई आहे ती. जिवंत माणूस खड्ड्यात ठेवून जायची नाही. मी खाली जाते. टोर्व्हा खाली जाते."

वीस बाजूंचा फासा टेबलावर गडगडला. चार. दुसरा, सावरण्यासाठी. दोन.

वेंडेलचा हात सवयीनं कागदाकडे गेला. आर्डिसनं तो आधीच उचलला होता. चौघडी करून तिनं पर्समध्ये ठेवला.

"शेवटी निकाल तोच लागला ना?" वेंडेल म्हणाला. त्याच्या आवाजात जिंकल्याचा सूर होता, आणि मला तेव्हा त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

"आता ती मेली," आर्डिस म्हणाली. "त्या दिवशी तू मारली होतीस. अजून कळत नाही तुला."

त्याला कळलं की नाही, कोण जाणे. भिंतीवरचा नियम पुढच्या आठवड्यात नव्हता. तेव्हापासून कुणी धोक्याचं काही बोललं की तो हात थांबवून विचारायचा, "हे करतोयस, की नुसता बोलतोयस?" पण असा तुच्छतेनं, की विचारण्यापेक्षा मारलेलं बरं. तरी विचारायचा, एकदाही न चुकता. पुठ्ठा परत उभा राहिला नाही. त्यानंतरही आमची खूप पात्रं मेली. त्याच्या नावानं आम्ही बोटं मोडली, पण तू मारलंस असं म्हणायची सोय राहिली नाही.

आर्डिसनं नवं पात्र केलं, एक घिसाडी. नऊ वर्षं ती दोघं त्या टेबलाशी समोरासमोर बसली. रस्त्यात तिची बस दिसली की वेंडेल दुकानांच्या काचांत बघत उभा राहायचा, आणि ती कधी हात करायची नाही.