रंगाखालचं तांबं

वडगावात आमच्या घरी माग होता, पॉवरलूम. दसरा सरून हवा कोरडी पडली की आर्ट सिल्कचे सुटे धागे आपोआप तरंगायला लागायचे आणि माझ्या हाताला येऊन चिकटायचे. हातावरची लव उभी राहायची. आई मागाखाली पाणी शिंपडायची आणि मी डोळे मिटून नुसती उभी. सगळं घरच हलकं होऊन वर निघालंय, असं वाटायचं.

घासण्यातनं साठणारी तीच ही वीज. आता तिच्यावर नजर ठेवायचा मला पगार मिळतो, तरी तिचा राग म्हणून येत नाही. काय करू!

सांबऱ्याच्या बाजूला गॅस भरायच्या कारखान्यात मी तपासणीला आहे. माझा थोरला भाऊ, अण्णा, तिथंच वॉल्व्ह चालवतो. वॉल्व्हच्या आतला गोळा प्लास्टिकच्या कड्यांत बसलेला असतो. गॅस घासत गेला की गोळ्यावर वीज साठते आणि प्लास्टिकमुळं तिथंच अडकते. ती जमिनीत उतरावी म्हणून वॉल्व्हपासून पाइपापर्यंत तांब्याची पट्टी असते. वाट मिळाली नाही तर ठिणगी पडते. आणि सुट्टीत पाइपात हवा शिरलेली असली, तर मग संपलंच.

यंदा खंडेनवमीच्या पूजेसाठी अण्णानं हौसेनं सगळं रंगवलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले, तर वॉल्व्ह रुपेरी झालेला, वर झेंडूची माळ, हळदकुंकू, कोवळं ऊन. कितीतरी वेळ बघतच राहिले. मग सवयीनं मीटर लावला. काटा ढिम्म हलेना; म्हणजे विजेची वाट बंद.

"अण्णा, पट्टी काढून रंगवलीस?"

"व्हय. खालनंबी मारलाय. लई झ्याक दिसतंय न्हवं?"

माझं डोकंच फिरलं. "झ्याक? अरं, विजेची वाटच बुजवलीस की!" पट्टी सोडवून मी पॉलिश पेपरनं खरवडायला लागले.

"पूजेचा रंग खरवडतीस? सणासुदीचं?"

"जीव गेल्यावर कसला सण रं?"

रंगाखालून लाल तांबं वर आलं. पट्टी परत आवळली, तसा काटा हलला. तेव्हा कुठं मला सुचलं आणि मी अण्णाकडं वळले.

"कवा आलास तू? उघडला न्हाईस न्हवं?"

"उजाडताच आलतो. न्हाय उघडला." तो माझ्याकडं बघेना. "पूजेनंतर पयला तुझ्याच हातानं उघडायचा, म्हणून थांबलोतो."