रेनेबाईंचे लोकरी गठ्ठे

रेने बोदिगेल हिला संशय घ्यायला कारण लागत नसे. पाववाल्यानं हसून पाव दिला तर तो शिळा असणार, आणि न हसता दिला तर वजनात कमी असणार, असं तिचं सरळ गणित. फ्रान्समधल्या नांत बंदराच्या धक्क्यावर नवऱ्यामागं गठ्ठे बांधायचं दुकान चालवणाऱ्या बाईला असं असावंच लागतं, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. भाबडी असती तर पहिल्या वर्षातच दुकानाला कुलूप लागलं असतं.

व्यापाऱ्यांकडून कापड, टोप्या, बूट यायचे. तिच्या बायका ते गोणपाटासारख्या जाड कापडात शिवायच्या आणि शेवटचा टाका रेने स्वतः घालायची. 'लोकरीला वारा, सुताला मेण' असं तिचा नवरा म्हणायचा. उष्ण बेटांकडं जाणारं सुती कापड मेणकापडात घट्ट गुंडाळायचं, नाहीतर दमट हवेत त्याला बुरशी धरते. थंड मुलखात जाणारी लोकर पेंढ्यात मोकळी बांधायची, नाहीतर ती आतल्या आत घामेजून कुजते. नवऱ्यानं पैसा मागं ठेवला नव्हता, पण हे वाक्य ठेवलं होतं आणि रेने ते प्रार्थनेसारखं पाळायची.

धक्क्यावरच्या देरिव्हो शेठचं बहुतेक काम तिच्याकडं होतं. गेल्या हिवाळ्यापासून या शेठनं एक नवं गिऱ्हाईक धरलं होतं: समुद्रापलीकडं इंग्रजांविरुद्ध उठलेल्या अमेरिकनांचं सरकार. बंदुका, दारू, सैनिकांचे कोट, सगळं शेठ पाठवणार आणि हिशेबही शेठच ठेवणार. आपल्या फ्रान्सच्या राजेसाहेबांचं मात्र इंग्रजांशी वरवर अजून गोडीगुलाबीचं चाललं होतं, त्यामुळं सगळा मामला झाकून. जहाजाच्या कागदांवर सां-दोमँग या उष्ण साखरबेटाचं नाव, गठ्ठ्यांवर रंगानं त्याच बेटाचं नाव, आणि पेढीच्या वहीत त्या सरकारच्या जागी 'बेटावरची विधवा मोरिसो'. एवढे कोट घालणारी ही विधवा असेल तरी केवढी, असं कारकून आपसात म्हणत आणि शेठ आले की खोकत.

पण नदीच्या मुखाबाहेर पडताच विधवेचं पहिलं जहाज इंग्रजांनी धरलं. मग दुसरंही. साखरेच्या बेटांकडं खरोखर जाणारी जहाजं शेजारून निघून गेली, त्यांना कुणी हात लावला नाही. म्हणजे कुठलं जहाज कुठं जातंय हे कुणीतरी आधीच कळवत होतं.

देरिव्हो शेठनं कुलपं बदलली. कारकुनांचे खिसे तपासले. संधिवातानं सुजलेला पाय ओढत ते अचानक कुणाच्याही मागं येऊन उभे राहू लागले. पेढीत दोन माणसं बोलत असली तर तिसरा दाराआड थांबायचा, आणि आपण दाराआड थांबलोय हे चौथ्यानं पाहिलं नाही ना म्हणून मागं वळून बघायचा.

विधवेचा हिशेब लिहिणारा कारकून होता फेलिम तिएर्नी, आयरिश. नांतमध्ये आयरिश माणसं काही नवी नाहीत, पण याला इंग्रजी येत होतं. शिवाय रेनेची एकुलती मुलगी जाकेत याच्याशीच लग्न करणार होती, आणि रेनेच्या लेखी हा त्याचा मोठा गुन्हा होता.

दर रविवारी तो जेवायला यायचा. रेने काळ्या पिठाची धिरडी घालता घालता उलटतपासणी घ्यायची.

"स्वप्नं कुठल्या भाषेत पडतात हो तुम्हाला?"

"आमच्या आजीच्या भाषेत, बाई. इंग्रजीत मला फक्त शिव्या येतात."

"म्हणजे येतं इंग्रजी."

"आई, धिरडं करपतंय," जाकेत म्हणायची.

"करपू दे. माणूस करपला की वास येत नाही, धिरड्याचा येतो."

तिएर्नी हसायचा आणि करपलेलं धिरडं स्वतःच्या ताटात घ्यायचा. एवढा गोड वागतो म्हणजे याच्या पोटात काहीतरी आहे, हे रेनेनं तिथंच ठरवून टाकलं.

एके दिवशी ती त्याच्या मागं मागं गेली. मासळीबाजाराच्या कोपऱ्यावर एक डच कप्तान उभा होता. तिएर्नीनं इकडंतिकडं पाहून कोटाच्या अस्तरातून एक पाकीट काढलं आणि त्याच्या हातात दिलं. कप्तानानं ते टोपीत घातलं.

रेने भिंतीआड सरकली. तिला आनंद झाला नाही, ही गोष्ट खरी. तिला भीती वाटली. पोरगी एका फितुराच्या गळ्यात माळ घालणार, उद्या तो फासावर जाणार आणि जन्मभर हिला धक्क्यावर लोक बोटं दाखवणार. त्याला विचारावं असं तिच्या मनात आलं, पण विचारलं तर तो खोटंच सांगेल, मग विचारून काय उपयोग? ती तशीच पेढीवर गेली.

"मालक, विधवेचा चोर तुमच्याच टेबलाशी बसतो," ती म्हणाली. आणि पाहिलेलं सगळं सांगितलं.

शेठनं फक्त एवढंच विचारलं, "तुमच्या मुलीला ठाऊक आहे?"

"नाही. आणि मी बोलले हे तिला कळायला नको."

त्याच संध्याकाळी तिएर्नीला पकडून नेलं. पाकिटात आईला लिहिलेलं पत्र होतं, असं तो म्हणाला. आयर्लंडला टपाल इंग्रजांच्या हातातून जातं, म्हणून लपवून दिलं. पण डच कप्तान पत्रासकट निघून गेला होता, त्यामुळं खरंखोटं करणार कोण? त्याला कोठडीत ठेवलं.

जाकेत रोज सूप आणि पाव घेऊन तुरुंगाच्या दाराशी जायची. परत आली की डोळे सुजलेले.

"कुणी गं सांगितलं असेल, आई?"

"पेढीत काय कमी दुष्ट आहेत?" रेने म्हणायची आणि सुईत दोरा ओवायच्या निमित्तानं उजेडाकडं तोंड फिरवायची.

महिनाभरानं विधवेचं तिसरं जहाज भरायला घेतलं. मोठी जहाजं आमच्या नदीत इतकी वर येत नाहीत, म्हणून माल आधी सपाट होड्यांत चढवायचा आणि त्या होड्या खाली मुखापर्यंत जायच्या. रेने गठ्ठे मोजून द्यायला धक्क्यावर गेली. तिथं हमालांचा नेहमीचा खेळ रंगला होता. माल कुठं चाललाय ते ओळखायचं, आणि जो हरेल त्यानं सगळ्यांना दारू पाजायची. हा खेळ आमच्या धक्क्याइतकाच जुना आहे.

"बॉस्टन!" गुल्व्हेन हमाल गठ्ठा खांद्यावर घेत ओरडला. "आजची दारू तुझ्याकडून, पिएरिक."

रेने जागच्या जागी थांबली. "कसलं बॉस्टन? वाचता येत नाही का मुडद्या? सां-दोमँग लिहिलंय वर."

"मावशे, मला वाचता कुठं येतं? पण खांद्याला कळतं. मऊ आहे, आतून पेंढा कुरकुरतोय, मेणाचा वास नाही. तुम्ही लोकर बांधलीय थंडीसाठी. त्या बेटावर असले कोट घातले तर माणूस उकडून मरेल."

"हे... हे तुम्ही आधीच्या दोन्ही वेळेला ओळखलं होतं?"

"लगेच! दोन्ही वेळेला तो सोन्याचं घड्याळ मिरवणारा परगावचा साहेबही खेळात होता. भला माणूस बघा. हरो की जिंको, दारू तोच पाजतो. दुसऱ्या जहाजावर पैज लावताना तोच म्हणाला, 'बोदिगेलबाईंच्या हातचा गठ्ठा खोटं बोलत नाही.'"

सगळे हमाल हसले. तिच्या कामाची ही त्यांच्या मते मोठी तारीफ होती.

रेने होडीच्या दोरीला धरून उभी राहिली. खाली पाणी गढूळ वाहत होतं. इंग्रजांना बातमी पोचवणारा तो घड्याळवाला होता, आणि त्याला ती गठ्ठ्यांवरूनच कळत होती. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला ती निघाली होती, आणि चोर म्हणजे तिच्याच हातचा टाका. नवऱ्याचं ते वाक्य मोडायचं तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. गठ्ठ्यावर खोटं नाव रंगवताना तिला काही वाटलं नाही, पण लोकर मेणात बांधायची म्हणजे पाप, अशी तिची समजूत.

गप्प बसणं सोपं होतं, पुढचे गठ्ठे मेणकापडात बांधले की झालं. तिएर्नी तसाच सडला असता आणि जाकेतला दुसरा कुणीतरी भेटला असता. पेढीच्या पायऱ्यांपर्यंत तिच्या मनात हेच चाललं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. पण पायऱ्यांवर तिला जाकेत दिसली, शेठच्या भेटीसाठी ताटकळत बसलेली, रिकामं भांडं मांडीवर घेऊन. रेने तिच्या शेजारून वर गेली.

शेठनं सगळं ऐकून घेतलं. मग उठून ते खिडकीशी गेले. खाली दुसऱ्या व्यापाऱ्याचा साखरबेटांचा माल आणि विधवेचा माल शेजारी शेजारी पडला होता. एक ढीग चकचकीत आणि चौकोनी, दुसरा फुगलेला आणि पेंढ्यानं केसाळ. खिडकीतूनसुद्धा फरक दिसत होता. रोज त्याच खिडकीत उभं राहून शेठ माणसांचे चेहरे न्याहाळत होते.

"ही गोष्ट तुम्हाला आज कळली?" त्यांनी पाठमोरं राहूनच विचारलं.

"देवाशपथ, मालक. आत्ता."

"आणि त्या घड्याळवाल्यानं तुम्हाला कधी दारू पाजली नाही?"

"मला?"

"आधी जावयाला धरून दिलंत, आता सोडवायला आलात. मधल्या काळात काय ठरलं, कुणाशी ठरलं, मला काय माहीत?" ते वळले. "पोराला सोडवतो. माल परत मागवतो. तुमच्याकडं मात्र यापुढं काम येणार नाही, बाई."

दार उघडंच होतं. रेने वळली तेव्हा जाकेत उंबऱ्यात उभी होती. तिनं कितपत ऐकलं हे विचारायची गरज नव्हती.

तिएर्नी सुटला तेव्हा रेनेनं घरात होतं नव्हतं ते लोणी काढून धिरडी घातली. तो आत आला नाही. बाहेरच टोपी हातात धरून उभा राहिला, बारीक झालेला.

"बाई, तुम्ही येऊन खरं सांगितलंत, त्याबद्दल उपकार आहेत," तो म्हणाला. त्यात टोमणा शोधायचा रेनेनं खूप प्रयत्न केला. सापडला नाही.

जाकेतनं पेटी ओढत उंबऱ्यापर्यंत आणली.

"कुठं जाताय गं?" रेनेनं विचारलं. "बोर्दो? की त्याच्या कुणा नातेवाइकाकडं? गाव तरी सांग. मी येणार नाही तिथं, शपथ घेते. नुसतं गाव."

जाकेत तिच्याकडं बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त विचार करत होती, सांगावं की नाही याचा. रेनेला ती नजर चांगली ओळखीची होती.

"पोचल्यावर कळवेन, आई," जाकेत म्हणाली, आणि पेटीचं दुसरं टोक तिएर्नीनं उचललं.